रक्तसाक्ष्याचा देह कोणाचा? पहिल्या तीन-चार शतकांतले ख्रिस्ती दफन आणि शोक

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोमन साम्राज्यात श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांचे, म्हणजे रक्तसाक्ष्यांचे, मृतदेह त्यांच्या समाजाला मिळत का? मिळाले तर ते कसे आणि कुठे पुरत? आणि त्यांच्यासाठी रडत, की आनंद करत? प्रश्नाला एक शेपूटही जोडलेले आहे: रोमभोवती जमिनीखाली खोदलेले कॅटाकोंब म्हणजे लपून बसायची भुयारेच ना?

सेमिनरीत आरंभीच्या ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवताना हे प्रश्न दरवर्षी येतात, आणि शेपूट नेहमी आधी येते. म्हणून तिचाच निकाल आधी लावतो. नाही, कॅटाकोंब लपायच्या जागा नव्हत्या, त्या दफनभूमी होत्या. रोममध्ये बारा पाट्यांच्या कायद्यापासून, म्हणजे रोमच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यापासून, शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला आणि जाळायला बंदी होती. त्यामुळे सगळ्याच धर्मांचे लोक शहराबाहेर जाणाऱ्या हमरस्त्यांच्या कडेला आपले मृत ठेवत. रोमभोवतीचा तुफा दगड पोखरायला मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. जमीन महाग, माणसे बहुतेक गरीब, आणि देह जाळायचा नाही तर पुरायचाच असा आग्रह. मग खाली खाली खोदत जाण्याला पर्याय राहिला नाही. या जागा सरकारला पक्क्या ठाऊक होत्या. 257 साली व्हॅलेरियन बादशहाने ख्रिस्ती सभांबरोबर दफनभूमीत पाऊल टाकायलाही मनाई केली, आणि 260 च्या सुमारास गॅलिएनसने त्या परत केल्या. सरकारला पत्ताच नसलेल्या जागेवर असे हुकूम निघत नाहीत.

आता मूळ प्रश्न. 'रडत की आनंद करत' असा तो विचारला, की उत्तरही अर्धवटच येते. त्या काळच्या कागदपत्रांत वरवर आनंदच आनंद दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, ही माणसे दगडाची होती की काय. माझ्या मते खरी ओढाताण वेगळीच होती. रक्तसाक्ष्याचा देह कोणाच्या हक्काचा: सरकारचा, घरच्यांचा, की मंडळीचा, म्हणजे त्या गावच्या ख्रिस्ती समाजाचा? या एका प्रश्नावरून दोन-अडीचशे वर्षे झगडा चालला, आणि शोकाला पुढे जे रूप आले ते त्यातून आले.

कायद्यापासून सुरुवात करू. देहदंड झालेल्याचा मृतदेह नातेवाइकांना नाकारू नये, असे रोमन कायदेपंडित उल्पियन लिहितो आणि त्यासाठी थेट ऑगस्टस बादशहाचा दाखला देतो. त्याचा समकालीन कायदेपंडित पाउलस तर म्हणतो, जो कोणी पुरण्यासाठी मागेल त्याला द्यावा. अट एकच, अधिकाऱ्याकडे मागणी करायला हवी. येशूचा देह अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे जाऊन मागितला, तो याच रिवाजाने. पण उल्पियन पुढे हेही सांगतो की कधी कधी परवानगी मिळत नाही, विशेषतः राजद्रोहाच्या शिक्षेत. थोडक्यात, सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. हद्दपारीत मेलेल्याचे तर आणखी कठीण. बादशहाला विचारल्याशिवाय त्याचा देह दुसरीकडे नेता येत नसे. रोमचा बिशप पॉन्टियन 235 साली सार्डिनियात हद्दपार झाला, तिकडेच वारला, आणि त्याचा देह पुढे रोमला आणून कॅलिक्स्टसच्या दफनभूमीत ठेवला. म्हणजे कोणीतरी खटपट केली होती, आणि ती फळाला आली होती.

ही खटपट करणारी माणसे मला फार मोलाची वाटतात, कारण ती प्रवचनांत कधी येत नाहीत. आलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की युसेबियस नावाचा डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक, जीव धोक्यात घालून रक्तसाक्ष्यांचे देह आवरायचे आणि पुरायचे काम करत असे. कैसरीयात मारिनस नावाच्या सैनिकाचा शिरच्छेद झाला, तेव्हा अस्टिरियस नावाचा रोमन सिनेटर तिथे उभा होता. अंगात उंची पांढरी वस्त्रे. त्याने ते प्रेत तसेच खांद्यावर घेतले, नेले, भारी कापडात गुंडाळले आणि रीतसर पुरले. सिनेटरच्या अंगावरच्या झग्याला रक्त लागणे ही त्या समाजात केवढी गोष्ट होती, याची कल्पना करून पाहा. 250 साली रोमच्या धर्मगुरूवर्गाने कार्थेजला (आजच्या ट्युनिसियातले शहर) पत्र लिहून बजावले की रक्तसाक्ष्यांचे आणि इतरांचेही देह पुरले गेले नाहीत, तर ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांना मोठा जाब द्यावा लागेल. म्हणजे तोपर्यंत हे काम ठरलेल्या माणसांकडे गेलेले होते. 19 मे 303 रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी चर्चवर सरकारी झडती आली. त्या नोंदीत बिशप, प्रीस्ट (धर्मगुरू), डीकन, सबडीकन (डीकनच्या खालचा सेवक) आणि त्यांच्याच रांगेत थडगी खोदणारेही हजर दाखवले आहेत.

आता दोन प्रसंग जरा जवळून पाहू.

पहिला स्मुर्णाचा (आजच्या तुर्कस्तानातले इझमिर), 155 च्या सुमाराचा. वृद्ध बिशप पॉलिकार्पला रंगणात चितेवर चढवले आणि आगीने देह जळेना तेव्हा खंजीर खुपसून मारले. ही हकिकत स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला पत्राने कळवली, आणि ते पत्र आपल्याकडे आहे. त्यात देहाचा भाग असा. मंडळीतल्या पुष्कळांना देह ताब्यात घ्यायचा होता. पण पॉलिकार्पला पकडणाऱ्या अधिकाऱ्याचा बाप निकेतस याने मॅजिस्ट्रेटला गळ घातली, की देह देऊ नका, नाहीतर हे लोक त्या क्रुसावर चढवलेल्याला सोडतील आणि याची पूजा करू लागतील. शेवटी सेंच्युरियनने, म्हणजे रोमन तुकडीच्या नायकाने, देह मध्यभागी ठेवून पुरता जाळून टाकला. पत्र पुढे म्हणते: मग आम्ही त्याची हाडे गोळा केली, मौल्यवान रत्नांहून मोलाची आणि सोन्याहून शुद्ध, आणि योग्य जागी ठेवली, तिथे जमेल तेव्हा आनंदाने एकत्र येऊन त्याच्या रक्तसाक्षित्वाचा जन्मदिन साजरा करण्याची प्रभू आम्हांला संधी देईल.

इथे 'आम्ही' कोण, ते पाहा. बायको, मुलगा, भाऊ कोणी नाही. मंडळी. हाडे कुठे ठेवली ते लिहिलेले नाही, आणि ते मुद्दाम असावे असे मला वाटते. पत्र गावोगाव वाचले जाणार होते. पण तिथे जमायचे, दरवर्षी जमायचे, हे मात्र स्पष्ट आहे. त्यामागची कारणेही दोन दिली आहेत: जे झुंजून गेले त्यांची आठवण, आणि ज्यांना पुढे झुंजायचे आहे त्यांची तयारी. म्हणजे वर्षश्राद्ध आणि तालीम एकाच दिवशी. ही तालीम रिकामी गेली नाही. 250 साली त्याच स्मुर्णात पायोनियस नावाच्या प्रीस्टला अटक झाली, ती पॉलिकार्पचा वार्षिक दिवस पाळला जात असताना. जवळजवळ शंभर वर्षे तो दिवस चुकलेला नव्हता.

दुसरा प्रसंग गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लियाँचा, 177 सालचा. नव्वदी उलटलेला बिशप पोथिनस, ब्लांदिना नावाची दासी आणि इतर अनेक. इथे अधिकारी आणि जमाव या दोघांनी ठरवून देह मिळू दिला नाही. तुरुंगात गुदमरून मेलेले कुत्र्यांपुढे टाकले आणि कोणी उचलू नये म्हणून रात्रंदिवस पहारा ठेवला. श्वापदांनी आणि आगीने उरवलेले तुकडे, छाटलेली डोकी, सगळे सहा दिवस उघड्यावर. मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटली, जमिनीवर कणही राहू नये म्हणून. मारणाऱ्यांचा हेतू पत्रात त्यांच्याच तोंडी दिला आहे: यांना पुनरुत्थानाची आशा राहू नये, आता बघू उठतात का.

आणि याच ठिकाणी, आनंदाने भरलेल्या या सगळ्या कागदांत, एकदम खरे रडू ऐकू येते. आम्हांला अतोनात दुःख झाले, मंडळी लिहिते, कारण देह मातीत ठेवता आले नाहीत. रात्रीचा उपयोग झाला नाही, पैशाने कोणी वळले नाही, विनवणीने कोणाला लाज वाटली नाही. मी शिकवताना या वाक्यावर थांबतो. रात्र, पैसा, विनवणी या देह मिळवण्याच्या नेहमीच्या तीन वाटा होत्या, हे त्यातून कळते. आणि हेही कळते, की मृत्यूबद्दल त्यांनी लिहून ठेवले नाही इतके दुःख त्यांनी दफनाबद्दल लिहून ठेवले. ब्लांदिना मेली त्याचा विजय झाला. ब्लांदिना पुरता आली नाही त्याचा शोक.

यावर कोणी म्हणेल, देवाला राखेतून उठवता येत नाही का? त्यांनाही ते माहीत होते. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमकडे नेला जात असताना रोमच्या मंडळीला लिहितो, की श्वापदेच माझे थडगे होऊ देत, माझ्या देहाचे काही मागे उरू नये, म्हणजे मी कोणाला भार होणार नाही. तत्त्व म्हणून हे सर्वांना मान्य होते. पण तत्त्व मान्य असलेल्या माणसालाही प्रेताशेजारी बसायचे असते. इग्नेशियसने मुभा दिली तरी मंडळीने ती घेतली नाही.

सगळीकडे असेच झाले असे नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन 14 सप्टेंबर 258 रोजी मारला गेला, त्याची नोंद जवळजवळ कोर्टाच्या कामकाजासारखी आहे आणि म्हणून विश्वासार्ह. सेक्स्टसच्या शेतात त्याला नेले. त्याने झगा उतरवला, गुडघे टेकून प्रार्थना केली, वरचा डाल्माटिक नावाचा अंगरखा डीकनांकडे दिला आणि आतल्या तागाच्या (लिननच्या) वस्त्रात उभा राहिला. जल्लादाला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितले. लोकांनी त्याच्या पुढ्यात तागाची फडकी आणि रुमाल टाकले. कशासाठी, ते नोंद सांगत नाही, पण रक्त टिपून घ्यायला, हे उघड आहे. डोळ्यांवर पट्टी त्याने स्वतः घेतली. टोकांची गाठ मारता येईना, तेव्हा ज्युलियन नावाचा प्रीस्ट आणि त्याच नावाचा सबडीकन यांनी ती बांधली. देह जवळच ठेवला, कारण बिगरख्रिस्ती लोक बघायला गर्दी करत होते. रात्री मेणबत्त्या आणि मशाली घेऊन, प्रार्थना म्हणत, थाटामाटाने तो माक्रोबियस कॅन्डिडियानस नावाच्या प्रोक्युरेटरच्या (सरकारी कारभाऱ्याच्या) जागेत, मापालियाच्या रस्त्यावर, तलावांजवळ नेऊन पुरला. व्हॅलेरियनने चालवलेला छळ ऐन भरात असताना भर वस्तीतून मशालींची मिरवणूक निघते आणि कोणी अडवत नाही! एकाच साम्राज्यात लियाँ आणि कार्थेज असा फरक पडतो, तो कायद्यामुळे नाही. गव्हर्नर कोण आणि जमावाचा पारा किती, यावर सगळे होते.

देह सरकारकडून सुटला, की दुसरा झगडा सुरू होई, घर आणि मंडळी यांच्यात. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेनमधल्या तारागोनाचे. 21 जानेवारी 259 रोजी बिशप फ्रुक्तुओसस आणि त्याचे दोन डीकन ऑगुरियस व युलोगियस यांना तिथल्या अँफिथिएटरमध्ये जाळले. रात्री लोक वाइन घेऊन धावत गेले आणि अर्धवट जळलेले देह त्यांनी वाइन ओतून विझवले. मग ज्याला जेवढी राख मिळाली तेवढी त्याने घरी नेली. हकिकत पुढे सांगते की फ्रुक्तुओससने दर्शन देऊन सांगितले: प्रेमापोटी ज्याने जे नेले ते त्याने परत आणावे आणि सगळे एकत्र ठेवावे. दर्शनाचे सोडा. ते कोणाच्या मनात होते ते बघा. मूठभर राख उशाशी ठेवणाऱ्यांना कोणीतरी सांगत होते की ही तुमच्या घरची वस्तू नाही.

कार्थेजमध्ये हाच वाद पुढे फार महागात पडला. लुसिला नावाची श्रीमंत बाई मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याआधी एका मृताच्या हाडाचे चुंबन घेत असे. तो माणूस रक्तसाक्षी असल्याचे मंडळीने मान्य केलेले नव्हते. डीकनांचा प्रमुख, आर्चडीकन सेसिलियन याने तिला टोकले. ती रागावून गेली. काही वर्षांनी हाच सेसिलियन बिशप झाला, तेव्हा त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या गटामागे लुसिलाचा पैसा होता, आणि त्यातून निघालेली डोनाटिस्ट फूट आफ्रिकेत शंभर वर्षांहून जास्त टिकली. फुटीची कारणे पुष्कळ मोठी होती, सगळे खापर एका हाडावर फोडू नये. पण मंडळीला घरगुती भक्तीची धास्ती का वाटे, ते यावरून कळते. इजिप्तमध्ये तर लोक रक्तसाक्ष्यांचे देह कापडात गुंडाळून घरातच बाजेवर ठेवत. मठवासी अँथनीला हे इतके खुपत होते की 356 साली मरताना त्याने आपले थडगे कोणाला कळू नये अशी व्यवस्था करवून घेतली.

रक्तसाक्षी कोण, हे ठरवणेही मग मंडळीच्याच हाती आले. कॅलिक्स्टसच्या दफनभूमीत बिशपांची एक खोली आहे. 1854 साली द रॉस्सी या पुरातत्त्वज्ञाने ती शोधून काढली. तिथे बिशप फेबियनची संगमरवरी शिळा आहे. तो 20 जानेवारी 250 रोजी गेला. शिळेवर ग्रीक लिपीत नाव आणि 'बिशप' ही पदवी ठळक, खोल कोरली आहे. त्यापुढे 'रक्तसाक्षी' या पदाची एकमेकांत जोडलेली संक्षिप्त अक्षरे मात्र उथळ आहेत, नंतर वेगळ्या हाताने घातलेली. शिळा बसवली तेव्हा ती नव्हती. एक मत असे की छळात रोमला वर्षभराहून जास्त काळ बिशपच नव्हता, म्हणून हा मान अधिकृतपणे द्यायला उशीर झाला. कारण ते असो वा दुसरे, दगडावर हे पद कोणीही उठून कोरत नव्हते.

आता शोक. बायबलमधला पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी स्तेफन, आणि त्याच्याबद्दल प्रेषितांची कृत्ये अगदी साधेपणाने सांगतात की भक्तिमान माणसांनी त्याला पुरले आणि त्याच्यासाठी मोठा विलाप केला. ऊर बडवून केलेला विलाप, त्यात आडपडदा नाही. शंभर वर्षांनी स्मुर्णाच्या पत्रात विलाप नाही, जन्मदिन आहे. आणखी शंभर वर्षांनी, 252 च्या सुमारास कार्थेजमध्ये साथीने माणसे पटापट मरत होती, तेव्हा सिप्रियन लोकांना सांगतो की तिकडे त्यांनी पांढरी वस्त्रे घातली असताना इकडे आपण काळे कपडे घालू नयेत.

माणसे बदलली का? नाही. काळे कपडे कोणीच घालत नसते, तर ते घालू नका असे सांगायची वेळ बिशपवर आली नसती. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टोम हा नामांकित प्रवचनकार पैसे देऊन रडणाऱ्या बायका बोलावणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमध्ये येऊ न देण्याची धमकी देतो. म्हणजे चारशे वर्षांच्या उपदेशानंतरही त्या बायकांचा धंदा चालू होता.

रक्तसाक्ष्यांच्या बाबतीत मात्र जाहीर आनंद हा नियमच झाला, आणि त्या नियमाखाली घरच्यांनी काय केले ते फटीतून दिसते. 259 साली नुमिदियात मारियन आणि जेम्स मारले गेले. मारियनची आई मेरी हिने, हकिकत सांगते, हर्ष केला. मग तिने मुलाच्या देहाला मिठी मारली आणि मानेवरच्या जखमेचे पुन्हा पुन्हा मुके घेतले. लिहिणारा याला भक्ती म्हणतो. असेलही. मला ती फक्त आई दिसते, जिला रडायची सोय ठेवलेली नव्हती. 12 मार्च 295 रोजी थेवेस्त इथे, म्हणजे आजच्या अल्जीरियात, एकवीस वर्षांच्या मॅक्सिमिलियनने सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. जाताना त्याने बापाला सांगितले की भरतीसाठी माझ्याकरता शिवलेले नवे कपडे या जल्लादाला द्या. बाप व्हिक्टर आनंदाने, देवाचे आभार मानत घरी गेला, असे नोंद म्हणते. पण देह बापाने नेला नाही. तो मागून घेतला पोंपेयाना नावाच्या प्रतिष्ठित बाईने. तिने तो आपल्या मेण्यातून कार्थेजला आणला आणि सिप्रियनच्या थडग्याजवळ पुरला. तेराव्या दिवशी ती स्वतः वारली आणि तिथेच पुरली गेली. मुलगा बापाचा, देह मंडळीतल्या बाईच्या हाती, थडगे बिशपच्या शेजारी. मी म्हणतो तो हक्कबदल इथे पुरा झालेला दिसतो.

या हकिकती कशासाठी लिहिल्या जात तेही विसरू नका. त्या वार्षिक दिवशी मोठ्याने वाचायच्या होत्या. आफ्रिकेत तर 397 च्या कार्थेज परिषदेने तसे वाचायला रीतसर परवानगी दिली. वर्षानुवर्षे सणाला वाचायच्या मजकुरात रडणे फार वेळ टिकत नाही. पुढे आफ्रिकेत हिप्पोचा बिशप झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका 387 साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. ती रक्तसाक्षी नव्हती, पण त्या घरात काय झाले ते मुलाने स्वतः लिहून ठेवल्यामुळे आपल्याला नियम आतून पाहता येतो. नातू मोठ्याने रडू लागला तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. एवोडियस नावाच्या मित्राने स्तोत्रांचे पुस्तक घेऊन स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, घराने साथ दिली. ऑगस्टीनने दफन होईपर्यंत डोळे कोरडे ठेवले आणि नंतर एकटा असताना रडला. एका बिशपने हे कबूल केले म्हणून कळले. बाकीच्यांचे कागदावर आलेच नाही.

आपल्याकडच्या वाचकाला सुतकाचा प्रश्न पडतोच. ज्यूंमध्ये प्रेताचा विटाळ होता, रोमन घरालाही तो लागे. तिसऱ्या शतकात सिरियात लिहिलेला एक ख्रिस्ती नियमग्रंथ स्पष्ट सांगतो की मृताला हात लावल्याने विटाळ होत नाही; दफनभूमीत जमा, शास्त्र वाचा, मिस्सा अर्पण करा. हा बदल आज किरकोळ वाटेल, पण हाडांभोवती बसून भाकर मोडणे हे शेजाऱ्यांना किळसवाणे वाटत होते. दिवस मात्र त्यांनी आजूबाजूच्यांचेच ठेवले: तिसरा, नववा किंवा सातवा, चाळिसावा आणि वर्षाचा.

हा वर्षाचा दिवस नीट टिपून ठेवणे हे कारकुनी काम होते आणि सिप्रियनला त्याची जाण होती. छळाच्या काळात लपलेला असताना तो धर्मगुरूंना लिहितो की तुरुंगात मरणाऱ्यांचेही दिवस टिपून ठेवा, म्हणजे त्यांची आठवण रक्तसाक्ष्यांबरोबर करता येईल. रोमची अशी यादी 354 च्या पंचांगात आहे: तारीख, नाव, दफनभूमी. तीत 14 सप्टेंबरला आफ्रिकेचा सिप्रियन, रोममध्ये कॅलिक्स्टसच्या दफनभूमीत पाळला जाणारा. आणि 7 मार्चला कार्थेजच्या पर्पेतुआ आणि फेलिसिता. देह समुद्रापलीकडे, पण दिवस रोममध्ये.

त्या दिवशी खाणेपिणेही होई. रोमन लोक फेब्रुवारीत पितरांच्या थडग्यांवर जेवत. ख्रिस्ती लोकांनी ते सोडले नाही, रक्तसाक्ष्यांकडे वळवले. रोमबाहेर अॅपियन मार्गावर सान सेबास्तियानो चर्चच्या खाली तिसऱ्या शतकातली बसायची पडवी सापडली आहे. तिच्या भिंतीवर लोकांनी टोकदार वस्तूने खरडले आहे: 'पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी विनवा', आणि तोमियस सेलियस नावाचा एकजण पेत्र-पौलांच्या नावे आपण इथे जेवण घातल्याचे लिहून गेला आहे. पुढे हे जेवण दारूच्या अंगाने गेले. मोनिका आफ्रिकेच्या सवयीने मिलानच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि वाइन घेऊन गेली, तेव्हा दारवानाने तिला अडवले. बिशप अँब्रोझचा हुकूम होता. तिने निमूटपणे टोपली घरी ठेवली. हिप्पोत ऑगस्टीनला हाच रिवाज बंद करताना लोकांशी बरेच झगडावे लागले.

छळ थांबून शांतता आल्यावर, म्हणजे 313 नंतर, सगळ्यांनाच रक्तसाक्ष्याशेजारी पुरून घ्यायचे होते. रोमचा बिशप दमासस, ज्याने या थडग्यांवर पद्यलेख कोरवले, तो कॅलिक्स्टसमधल्या लेखात म्हणतो की मलाही इथे देह ठेवायचा होता, पण पवित्र राखेला धक्का लागेल या भीतीने ठेवला नाही. सगळे इतके संकोची नव्हते. 26 फेब्रुवारी 386 चा थिओडोसियसचा कायदा पुरलेले देह हलवायला, रक्तसाक्ष्याचे तुकडे करायला आणि त्याचा व्यापार करायला मनाई करतो. त्याच साली अँब्रोझने मिलानमध्ये गेर्वासियस आणि प्रोटासियस यांचे देह उकरून आपल्या नव्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, वेदीखाली नेले. कायदा एकीकडे, चाल दुसरीकडे.

हीच चाल हजारेक वर्षांनी आपल्या किनाऱ्यावरही दिसते, म्हणून एवढी एक ओळ: एप्रिल 1321 मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन संघाच्या चार साथींना जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन संघातल्या धर्मबंधूने सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले, आणि थोड्या वर्षांनी ओदोरिक नावाच्या प्रवासी धर्मबंधूने ती हाडे उकरून, कापडात बांधून थेट चीनला नेली.

मुळातून वाचायचे असेल तर स्मुर्णा आणि लियाँची पत्रे आधी वाचा, मग सिप्रियनची नोंद; तिन्ही मिळून एका दुपारचे काम. त्यांत देहाला काय झाले हा भाग शेवटच्या काही परिच्छेदांत येतो आणि घाईत तोच सुटतो. छाटलेले डोके बोलते, जखमा लगेच भरून येतात अशा हकिकती बहुतेक पाचव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. त्या भक्तीचा इतिहास सांगतात. तिसऱ्या शतकात प्रेत कोणी उचलले, हे शोधायला त्यांचा उपयोग नाही.